लिंडाचं स्थळ

माणसाची विचारशक्ती नेमकी कुठे घसरते, हे शोधायचा मला नाद आहे. या नादाला प्रयोगासाठी माणसं लागतात. प्राध्यापकांना विद्यार्थी आयते मिळतात. आम्हा हौशींना नातेवाइकांवर भागवावं लागतं. आणि नातेवाईक उत्तर प्रश्नाला देत नाहीत, विचारणाऱ्याला देतात.

म्युलर-लायरच्या १८८९ सालच्या दोन रेघा मेहुण्याला दाखवल्या. लांबी सारखीच, पण टोकांच्या बाणांमुळे एक लांब दिसते. मेहुणा सिव्हिल इंजिनिअर. त्याने टेप आणून मोजल्या, सारख्या भरल्या, तरी त्याला त्या सारख्या दिसेनात. (कळूनही वळत नाही, हीच तर त्या रेघांची गंमत.) "टेप बदलायला हवी," म्हणाला.

काकांना बॅट-चेंडूचं कोडं घातलं. दोन्ही मिळून ११० रुपये, बॅट चेंडूपेक्षा १०० रुपयांनी महाग, तर चेंडू केवढ्याला? घाईत बहुतेक जण दहा म्हणतात. खरं उत्तर पाच. काका म्हणाले, "त्या भावात चेंडू देणारा दुकानदार आधी दाखव."

उरली मावशी. तिच्यासाठी मानसशास्त्रज्ञ कानेमन आणि ट्वर्स्की यांनी १९८३ साली छापलेली लिंडा राखून ठेवली होती. वय ३१, अविवाहित, हुशार, फटकळ, तत्त्वज्ञान शिकलेली, निदर्शनांत भाग घेतलेली. जास्त शक्य काय: ती बँकेत कॅशियर आहे, की कॅशियर आहे आणि शिवाय स्त्रीवादी चळवळीतही आहे? जवळजवळ ८५ टक्के लोक दुसरं निवडतात. पण चळवळीतल्या कॅशियर या कॅशियरांत आधीच मोजलेल्या. अट वाढवून शक्यता कशी वाढेल?

"एकतीस? मग घरचे काय करतायत?"

"मावशी, लिंडा काल्पनिक आहे."

"सुरुवातीला सगळी स्थळं तशीच असतात. बँक सरकारी का?"

"तू उत्तर सांग."

"पहिलं. अरे, बायोडेटात नुसती नोकरी लिहिली तर ती असते. नोकरी, फ्लॅट, निर्व्यसनी आणि वर स्वयंपाकाची आवड असं सगळं लिहिलं, की त्यातलं काहीतरी गळणार."

मी गप्प. हा तर संभाव्यतेचा नियमच, तोही दोन वाक्यांत. कानेमन यांना २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मावशीला दर जमवलेल्या लग्नामागे एक साडी मिळते, तीही बहुधा फिरती.

मावशीने चष्मा चढवला, वही उघडली आणि लिंडाची उंची विचारली. इतका मोठा शोधनिबंध, पण उंची दिलेली नाही.