टोळीपुढे सुटेपणाने कसे मरावे

एकमेकांपासून लांब बसलेले खेळाडू मोबाइलवर एकाच कल्पित रणांगणात उतरून चार-चारांच्या संघांनी लढतात, त्या खेळांत माणसांचे दोन वर्ग आढळतात. पहिला वर्ग टोळीचा. यातले चौघे एकमेकांना ओळखतात, ठरल्या वेळी येतात आणि त्यांच्यातला एक जण ‘आयजीएल’, म्हणजे खेळ चालू असताना हुकूम सोडणारा म्होरक्या, असतो. दुसरा वर्ग सुट्यांचा, ज्यांना खेळाच्या परिभाषेत ‘रँडम’ म्हणतात. एक सिडकोतला, एक उस्मानपुऱ्यातला, तिसरा कुठला ते कळत नाही आणि चौथ्याचा माईक बंद, अशी चौकडी यंत्र पत्रिका न पाहताच जुळवून देते. प्रस्तुत मार्गदर्शन छत्रपती संभाजीनगरातील या दुसऱ्या वर्गासाठी आहे, कारण पहिल्याला त्याची गरज नसते आणि असली तरी म्होरक्या ते वाचू देणार नाही.

आरंभ उडीपासून करावा. ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’, म्हणजे बोलण्यातले बीजीएमआय, या खेळातील एरांगेल हा नकाशा आठ किलोमीटर लांब व तितकाच रुंद असून त्यावर शंभर खेळाडू विमानातून उतरतात. एवढ्या प्रशस्त भूमीवर चौघांनी एकाच ठिकाणी गर्दी करणे सुट्या वृत्तीला शोभत नाही. पांगून मरण्याच्या या पद्धतीला गणिताचाही आधार आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९१६ मध्ये मांडलेल्या नियमानुसार, एकत्र मारा करणाऱ्या दलाचे बळ त्याच्या संख्येच्या वर्गाइतके धरावे लागते; म्हणजे एकवटलेल्या चौघांचे बळ सोळा आणि एकामागून एक येणाऱ्या चौघांचे एक अधिक एक अधिक एक अधिक एक, मिळून चार. नेम सर्वांचा सारखाच धरला, तरी चौथा सुटा पडेपर्यंत टोळीकडे बाराचे वर्गमूळ, म्हणजे जवळजवळ साडेतीन माणसे, शिल्लक राहतात. हरणाऱ्यांचा नेम वाईट होता असे टोळीवाले नंतर सांगतात ते अज्ञानापोटी, हे सुट्याने ठणकावून सांगावे; नेम उत्तम होता, फक्त तो चार हप्त्यांत आला.

उडीनंतर लूट येते. घरोघर पडलेली शस्त्रे, गोळ्या व औषधे गोळा करण्याला हा शब्द असून, पिशवीत काय भरले हे न पाहता ती भरत राहणे आणि ऐन चकमकीत दुसऱ्याच बंदुकीच्या गोळ्या निघणे हा सुट्याचा नित्यक्रम होय. त्याबद्दल लाज बाळगण्याचे कारण नाही, कारण शहराच्या उशालाच याहून मोठे उदाहरण उभे आहे. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर, म्हणजे आजच्या दौलताबादवर, चालून आला तेव्हा तिथल्या यादवांचे मुख्य सैन्य युवराजाबरोबर दूर गेलेले होते, आणि घाईघाईने गडावर चढवलेल्या धान्याच्या गोण्यांत मीठ निघाले अशी कथा इतिहासग्रंथांत येते. कातळ तासून केलेला तो गड शत्रूला चढून घेता आला नाही. तरी राजा रामचंद्राला तह करावा लागला, कारण सोबती लांब होते आणि पिशवीत मीठ होते. हाताशी असा गड असूनही जे देवगिरीला टळले नाही, ते एरांगेलवरच्या पोचिंकी गावातल्या एका पत्र्याच्या खोलीत टळेल, अशी अपेक्षा बाळगणे अन्यायाचे आहे.

पोचिंकीचाच विषय निघाला म्हणून एका गैरसमजाचे निराकरण करणे भाग आहे. न्हाणीघरात दार लावून बसलेला सुटा आपल्या या कृतीला गनिमी कावा म्हणतो. गनिमी काव्याने लढणाऱ्या ज्या मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, म्हणजे हेच शहर, त्याचा कावा घोडेस्वारांच्या तुकड्यांनी खुणेसरशी एकत्र येऊन रसद तोडण्याचा आणि खुणेसरशी पांगण्याचा होता. तो टोळीचाच कावा होता. न्हाणीघरात बसण्याला ‘कॅम्पिंग’ हा वेगळा शब्द उपलब्ध आहे, तो वापरावा.

यथावकाश सुटा ‘नॉक’ होतो, म्हणजे गुडघ्यांवर येतो आणि सोबत्याने काही सेकंद जवळ थांबून उठवल्याखेरीज त्याला लढता येत नाही. अशा वेळी टोळीतला घायाळ शत्रूची दिशा, अंतर आणि संख्या सांगतो. सुट्याने मात्र “अबे, कव्हर दे ना बे” एवढेच, शक्य तितक्या मोठ्याने, म्हणत राहावे, म्हणजे शत्रूची पावले कुणालाच ऐकू येत नाहीत.

सुटेपणाचा एक लाभ मात्र निर्विवाद आहे. केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी मोबाइलसह ११८ ॲपवर बंदी घातली, पबजीच्या जागी २ जुलै २०२१ रोजी आलेली बीजीएमआयही जुलै २०२२ मध्ये ॲपच्या दुकानांतून काढली गेली आणि मे २०२३ मध्ये परतली. या ये-जेत टोळ्या फुटल्या असतील, पण सुट्यांचे फुटण्यासारखे काही नव्हतेच.

शेवटची सूचना फक्त या शहरापुरती आहे. इथे नळाला रोज पाणी येत नसल्यामुळे, सामना अगदी शेवटच्या वर्तुळात, म्हणजे निकालाच्या टप्प्यात, असला तरी घरातून “पाणी आलं रे” अशी हाक ऐकू येताच फोन खाली ठेवून मोटर चालू करावी. टोळीचा म्होरक्याही त्या वेळी तेच करत असतो.