कोकण कुणी स्वस्त केलं?

मुंबईतला फ्लॅट भाड्याने द्यायचा, संगमेश्वराकडे एखादं कौलारू घर बघायचं आणि पेन्शनीत किंवा लॅपटॉपवरच्या कामात उरलेलं आयुष्य नदीकाठी मजेत काढायचं, हा बेत हल्ली घरोघर ऐकू येतो. परदेशी माणसं हेच थायलंडमध्ये करतात. पन्नाशी गाठली आणि बँकेत आठ लाख बाट दाखवले, की तिकडे निवृत्तांना राहायची परवानगी मिळू शकते. आपल्याला व्हिसा लागत नाही, गाडीचं तिकीट पुरतं. बेत चांगला आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सोळा लाख सत्त्याण्णव हजारांवरून सोळा लाख पंधरा हजारांवर आली. माणसं जाण्याचीच सवय झालेल्या मुलखात कुणी राहायला येत असेल, तर त्याचं स्वागतच करायला हवं. मला एकच विचारायचं आहे: हे कोकण तुमच्यासाठी स्वस्त कुणी केलं?

कारण बाजारात ते स्वस्त नाही. संगमेश्वराच्या पेठेत पिशवी घेऊन एकदा फिरा. कोबी, फ्लॉवर, टोमॅटो, कांदा, बटाटा हे सगळं घाटावरचं. आंबा घाट उतरायचा, साखरपा, देवरुख करत इथवर यायचं, म्हणजे डिझेल आलं, हमाली आली, वाटेत नासलेला माल आला. हा टोमॅटो मुंबईच्या टोमॅटोपेक्षा स्वस्त का असावा? पिशवीतलं दूधही बरंचसं घाटावरचंच. मासळीचं म्हणाल तर समुद्र जयगडला, शास्त्री नदीच्या मुखाशी. इथे येईपर्यंत सुरमईचा भाव तुम्हाला अंधेरीची आठवण करून देईल.

परसात भाजी लावू, असं सगळेच म्हणतात. जरूर लावा. पण आधी वाडीतल्या एखाद्या शेतकऱ्याला विचारा, त्याने भुईमूग आणि भाजी का सोडली. वानरांची टोळी एका सकाळी वाल, भेंडी, पपई सगळं साफ करते आणि जाताना कौलंही फोडते. उरलंसुरलं रात्री डुकरं उकरतात. राखणीला माणूस ठेवायचा तर त्याची मजुरी त्या भेंडीतून निघत नाही.

मग स्वस्त काय आहे? जे दुकानात मिळत नाही, ते. पहिला पाऊस पडला की टाकळा येतो, मागोमाग भारंगी, फोडशी, कुरडू. उन्हाळ्याच्या तोंडाला कोवळ्या फणसाची कुयरी. भात कापल्यावर जमिनीत जी ओल राहते तिच्यावर कुळीथ पेरतात, आणि त्याच्या पिठीवर पावसातले कितीतरी दिवस निघतात. मे महिन्यात आगोट भरायची: सुकट, सुके बोंबील, मीठ, आमसुलं, फणसाची साठं, रचून ठेवलेली सुकी लाकडं. ही बेगमी नीट झाली असेल तर जून ते ऑगस्ट घरखर्च खरोखरच थोडा असतो. गरम आटवल, वर तूप, बाजूला भाजलेला सुका बांगडा. याहून चांगलं जेवण मला माहीत नाही.

पण यात फुकट काही नाही. रातांब्याची सालं रसात भिजवायची, उन्हात पसरायची, पुन्हा रसात, पुन्हा उन्हात, अशी पुटं देत देत आमसूल होतं. ते करणारी बाई भर मे महिन्यात अंगणात वाकलेली असते. टाकळा रानात आहे हे खरं, पण तो खुडून, निवडून, वाटे लावून पेठेत आणून बसणारी धनगरवाडीवरची म्हातारी पहाटे निघालेली असते. तिच्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करून 'इथे किती स्वस्त!' असं मुंबईला फोनवर सांगणारा माणूस मी पाहिला आहे. मला त्याचा राग आला, अजूनही आहे.

आणखी एक आकडा बघा. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. याचं मुख्य कारण म्हणजे पुरुष मुंबईला गेले, गिरणीत लागले, बंदरात लागले, आणि मागे घर, गुरं, सासू-सासरे, तरवा, लावणी, झोडणी हे सगळं बायकांनी पेललं. त्यांना पगार नव्हता, सुट्टी नव्हती. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि हजारो घरांची मनीऑर्डर थांबली, तेव्हा गावाकडे परतलेल्या माणसांना पेज याच बायकांनी घातली. कोकणात थोडक्यात भागतं ही गोष्ट तिथून आली आहे. ती निसर्गाची देणगी नाही. ती बिनपगारी मेहनत आहे, तीन-चार पिढ्यांची.

खरा कमी पैशांत राहणारा माणूस बघायचा असेल तर हा परतलेला चाकरमानी बघा. खासगी नोकरी केलेल्यांच्या ईपीएस-९५ पेन्शनीची किमान रक्कम २०१४ पासून महिना हजार रुपये आहे. हजार! तरी तो बरा राहतो, कारण घर आजोबांनी चिऱ्यात बांधलेलं, भात भावाच्या शेतातलं, आणि आजारी पडला तर भावकीतला पोरगा रात्री गाडी काढतो. एसटीत पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून तिकीट नाही, बायकांना २०२३ पासून अर्धं. रेल्वेने मात्र ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये काढली ती काढलीच. मुंबईत मुलाकडे जायचं तर तो गाडीच्या भाड्याचा आठ दिवस विचार करतो. तुम्ही मात्र महिना वीस हजारांचा बेत धरून येता; त्यात घरभाडं, विम्याचा हप्ता, इंटरनेट, इन्व्हर्टर आणि गाडीचं पेट्रोल बसवायचं आहे. त्याच्या हजाराची आणि तुमच्या वीस हजारांची तुलना होत नाही. त्याच्यामागे गाव आहे.

जाहिराती म्हणतात, कोकणात राजासारखं राहा. या जिल्ह्यात एक राजा खरोखर राहून गेला, परदेशी आणि सरकारी तनख्यावर. ब्रह्मदेशच्या थिबाला इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून काढलं आणि १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. तीस वर्षं तो इथे होता. १९१० मध्ये त्याच्यासाठी राजवाडा बांधला, त्यात सहा वर्षं राहून १९१६ मध्ये तो वारला. समुद्र समोर, नोकर हाताशी, हवा आपल्या आवडीची. तरी तनखा पुरेना, कर्जं झाली, बरोबर आणलेली रत्नं विकावी लागली. त्याला शहराबाहेर मोकळेपणी जायची मुभा नव्हती, हे त्याचं दुःख फार मोठं, आणि ते पैशांनी भरणारं नव्हतं. त्याच्या थोरल्या मुलीने मात्र रत्नागिरीतल्याच एका माणसाबरोबर संसार मांडला. त्या दोघांची मुलगी टुटू. ती इथेच वाढली, मराठी बोलली, इथेच तिची मुलंबाळं झाली आणि २००० साली ती गेली. तिचं आयुष्य कष्टाचं होतं, त्या गरिबीला मी गोड रंग देणार नाही. पण राजवाड्यातला राजा शेवटपर्यंत परका राहिला आणि त्याची नात रत्नागिरीकर झाली, हे येणाऱ्या प्रत्येकाने लक्षात घ्यावं.

परदेशी तर आजही आमच्याकडे आहेत. कलमांच्या बागांमधून फिरा. मोहोर आल्यापासून आंबा उतरेपर्यंत बागेतल्या मांगरात नेपाळी कुटुंबं राहतात. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना व्हिसा लागत नाही. फवारणी, राखण, वानरं हाकणं, आंबा काढणं सगळं तेच करतात. या उष्ण मुलखात सगळ्यात कमी खर्चात तेच राहतात आणि उरलेले पैसे डोंगरापलीकडे घरी धाडतात. त्यांच्यावर कुणी व्हिडिओ करत नाही. त्यांची पोरं हंगामापुरती आमच्या शाळेत येतात की नाही, याची चौकशी ग्रामसभेत व्हायला हवी. कमी खर्चात राहणं हा जर अभ्यासाचा विषय असेल, तर आधी त्यांच्याकडे जाऊन बसा.

आता हिशेबाच्या वहीत जे कुणी लिहीत नाही ते. पाऊस इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो आणि एप्रिलअखेर विहिरीचा तळ दिसतो, कारण जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही. घर डिसेंबरात बघायला येऊ नका, मे महिन्यात या आणि विहिरीत वाकून बघा. शाकारणी दरवर्षीची, वाळवी कायमची. मध्यरात्री छातीत दुखलं तर मोठ्या इलाजासाठी रत्नागिरी गाठायची किंवा सावर्ड्याजवळचं डेरवणचं रुग्णालय, आणि मधला महामार्ग? त्याच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये सुरुवात झाली. आमच्या वाट्याचा आरवली ते कांटे हा पट्टा सगळ्यात रखडलेल्यांपैकी. या रस्त्याने किती जीव आणि किती वेळ खाल्ला याची चीड इथल्या प्रत्येक घरात आहे. शहरातून येणाऱ्यांनी या चिडीत सामील व्हावं. तुमची अर्ज लिहायची सवय, तुमच्या ओळखी, तुमची भाषा यांचा इथे उपयोग आहे.

जागेबद्दलही स्पष्ट बोलू. शेतकरी नसलेल्याला आपल्या राज्यात परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, कूळकायद्याचं ६३ वं कलम तेच सांगतं. मग बिनशेती प्लॉट पाडले जातात. सातबाऱ्यावर चौदा नावं असलेल्या जमिनीतला एखादा मुंबईकर हिस्सेदार सहीला तयार होतो, बाकीचे आयुष्यभर एकमेकांशी बोलत नाहीत, आणि वाडीतल्या पोराला लग्नानंतर वेगळं घर बांधायला जागा परवडत नाही. तुम्हाला स्वस्त वाटलेला दर त्याच्यासाठी महाग झालेला असतो. म्हणून माझा आग्रह भाड्याने राहण्याचा आहे. गावागावात कुलुपं लागलेली, पडवी खचत चाललेली घरं आहेत. मालकाशी बोला, डागडुजी तुम्ही करा, भाडं द्या. घर उभं राहील आणि जमीन ज्यांची आहे त्यांच्याकडेच राहील.

आणि वही घालाल तेव्हा पहिली ओळ घरकामाला येणाऱ्या बाईंच्या पगाराची घाला. 'इथला दर' विचारू नका. तुम्ही ठाण्यात जे देत होता तेच इथे द्या, आठवड्याची सुट्टी द्या, लावणीच्या दिवसांत त्या आल्या नाहीत तर पैसे कापू नका. दुसरी ओळ शिमग्याच्या वर्गणीची, ती कुणी मागायला येण्याआधी स्वतः नेऊन द्या. तिसरी रात्री गाडी काढणाऱ्या पोराच्या पेट्रोलची. या तीन ओळी मांडून झाल्यावर वीस हजारांतले किती उरतात ते बघा. त्यात भागत असेल तर जूनमध्ये राहायला या.