गिल्बर्ट हिलला वाली कोण?

गिल्बर्ट हे आडनाव जगभर चिकटलं आहे. पहिल्या एलिझाबेथ राणीचे वैद्य विल्यम गिल्बर्ट यांनी १६०० साली चुंबकावर ग्रंथ लिहिला. चुंबकीय मोजमापाच्या एका जुन्या एककाला त्यांचंच नाव आहे. कॅप्टन थॉमस गिल्बर्ट १७८८ साली पॅसिफिकमधून गेले, तिथली बेटं गिल्बर्ट बेटं झाली. १९७९ साली ती स्वतंत्र होऊन किरिबाती झाली. आणि अंधेरी पश्चिमेला आपली गिल्बर्ट हिल आहेच.

नावावरून भांडायला आपल्याकडे माणसं कमी पडत नाहीत. २०१८ साली एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं प्रभादेवी झालं, पाटी बदलली. उद्या या टेकडीचीही बदला, हरकत नाही. पण आधी टेकडी तर उरू द्या!

सुमारे २०० फूट उंचीचा हा काळा बसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. लाव्हा सावकाश थंड झाला, आकसला, तडकला आणि त्याचे उभे खांब झाले. कड्याकडे नीट पाहिलं की एकमेकांना खेटून उभे असलेले हे खांब वेगवेगळे दिसतात. खडकात कोरलेल्या पायऱ्या चढून गेलं की माथ्यावर गावदेवीचं देऊळ. खाली पाहावं तर पत्र्यांची छपरं आणि टॉवर थेट पायथ्याला भिडलेले.

आजूबाजूचा दगड खाणींनी खाल्ला. उरलेल्या खांबांच्या फटींत दर पावसाळ्यात पाणी मुरतं, जवळच्या खोदकामाचे हादरे बसतात. सुटलेला दगड खाली कुणाच्या तरी घरावरच येणार. अमेरिकेने डेव्हिल्स टॉवर हा असाच खांबांचा सुळका १९०६ साली राष्ट्रीय स्मारक केला. आपल्या महापालिकेने गिल्बर्ट हिलला वारसा दर्जा दिला २००७ साली. एकशे एक वर्षांचा उशीर, आणि त्यानंतरही पायथा मोकळा नाही.

वारसा यादीतल्या नोंदीने दगड थांबत नाही. भूगर्भतज्ज्ञांकडून दरवर्षी पावसाळ्याआधी कड्याची तपासणी करा, तिचा अहवाल लोकांसमोर ठेवा. पायथ्याशी नवं खोदकाम बंद करा. धोक्याच्या कक्षेतल्या कुटुंबांना अंधेरीतच घरं द्या. कुठेतरी लांब नेऊन टाकणं म्हणजे पुनर्वसन नव्हे. पुढच्या पालिका निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला अंधेरीकरांनी याच तीन गोष्टी विचाराव्यात.