ठोक्यानं दिलेलं वऱ्हाड

मार्चअखेर आली की आष्टीत अर्थशास्त्राला बहर येतो. ज्यांच्याकडे पैसे नाहीत ते चार दिवसांसाठी उसने आणून सोसायटीचं कर्ज फेडतात, लगेच नवं उचलतात आणि उसन्याची व्याजासकट परतफेड करतात. याला नवं-जुनं म्हणतात. मधले एक-दोन दिवस गाव कागदोपत्री कर्जमुक्त असतं. देशांचं नवं-जुनं करायला वॉशिंग्टनहून साहेब विमानानं येतात. आमच्याकडे गटसचिव मोटारसायकलवर येतो. एवढाच काय तो फरक.

परवा सोसायटीच्या ओट्यावर मामा भेटले. रांग मोठी होती, म्हणून मी त्यांना अर्थशास्त्रातला रिकार्डो समजावून सांगायला घेतला. लंडनचा माणूस, पुस्तक 1817 चं. इंग्लंडला कापडासाठी 100 माणसं वर्षभर राबवावी लागतात, द्राक्षाच्या दारूसाठी 120. पोर्तुगालला कापडासाठी 90, दारूसाठी 80. म्हणजे पोर्तुगाल दोन्हीत हुशार. तरी इंग्लंडनं कापड विणावं, पोर्तुगालनं दारू गाळावी आणि अदलाबदल करावी. दोघंही फायद्यात.

"मग पोर्तुगालच्या विणकरांचं काय?"

"ते द्राक्षाच्या मळ्यात जातात, मामा."

"कोन नेतं? मुकादम? उचल किती देतो?"

परतूर-मंठ्याकडची माणसं दिवाळीनंतर कोयता घेऊन कशी बाहेर पडतात हे ज्यानं पाहिलंय, त्याला हेच सुचणार. रिकार्डोच्या पुस्तकात मुकादम नाही. तो स्वतः शेअर बाजारातला. सरकारला कर्ज उभारून देण्यात गब्बर झाला आणि त्या पैशातून जमीनजुमला घेतला. व्यापारावर लिहावं आणि कर्जावर कमवावं, हे मला त्याच्या सिद्धांताहून जास्त पटलं.

आपल्या दिल्लीला रिकार्डो आठवतो तो मात्र हंगाम बघून. कापसावर 11 टक्के आयात शुल्क होतं. 19 ऑगस्ट 2025 ला ते काढलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. गिरण्यांना रुई स्वस्त पडावी म्हणून. आठच दिवसांनी अमेरिकेनं आपल्या मालावरचा कर 50 टक्क्यांवर नेला. त्यांनी दार लावून घेतलं, आम्ही खिडक्यासुद्धा उघडल्या. मामांची वेचणी नेमकी त्याच महिन्यांत. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये होता, पण त्यासाठी मोबाइलवर नोंदणी हवी होती आणि ओलावा 12 टक्क्यांच्या आत हवा होता. खेडा खरेदीवाल्याला यातलं काही लागत नाही. त्याला फक्त काटा लागतो, आणि तो त्याचाच असतो.

"त्या परीस निजामाचं राज बरं व्हतं," मामा म्हणाले. मग मला तेही सांगावं लागलं. फौज निजामाच्या नावाची, अधिकारी इंग्रज, पगार निजामानं द्यायचा. पगार थकला की ईस्ट इंडिया कंपनी आगाऊ रक्कम द्यायची आणि त्यावर व्याज लावायची. 1853 मध्ये थकबाकीपोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब इंग्रजांच्या ताब्यात गेले. आष्टी निजामाच्याच मुलखात होती, पण ती कुणी मागितली नाही. तारण व्हायलाही पत लागते. 1857 ला निजाम इंग्रजांच्या बाजूनं राहिला, म्हणून 1860 मध्ये 50 लाखांचं कर्ज माफ झालं. धाराशिव परत, रायचूर परत. वऱ्हाड तेवढं ठेवून घेतलं.

"वऱ्हाडच कशापायी?"

"कापूस, मामा."

मामा थोडा वेळ गप्प बसले.

"1902 मध्ये तर कायमचा पट्टाच केला. वर्षाला 25 लाख रुपये."

"म्हंजे ठोक्यानं दिलं की! अन् ठोका येळेवर यायचा?"

"यायचा, पण निजामानं मधल्या काळात आणखी कर्ज काढलं होतं. त्याचा हप्ता आधी कापून घ्यायचे."

मामांनी सातबारा पिशवीत नीट घातला, आत गटसचिवाकडे एकदा बघितलं आणि पुढच्या माणसाला म्हणाले, "सरक रं, निजामाचा नंबर आला."