वर ठेवलेले पाहुणे

भाचा लेस्टरला शिकायला होता तेव्हाची गोष्ट. त्याची खोली एवढीशी, म्हणून त्याच्या घरमालकीणबाईंनी आपणहून आम्हाला कळवलं, 'वुई विल पुट यू अप.' मी हिला लगेच मराठीत सांगितलं, "आम्ही तुम्हाला वर ठेवू म्हणतायत." हिच्या हातातली मेथीची जुडी खाली पडली. आमच्या घरात 'वर' गेलेली सगळी माणसं भिंतीवर आहेत, हार घालून.

"मामा, त्या राहायला जागा देतायत!" भाच्याने फोनवर खुलासा केला. आता बघा, आपल्याकडे पाहुणा उतरतो. 'कुठे उतरलात?' असंच आपण विचारतो. इंग्रज त्याच पाहुण्याला चढवतात. मला आपलंच बरोबर वाटतं. गाडीतून एकदा उतरलेल्या माणसाला पुन्हा चढवायचं कशाला?

पण बाईंनी शब्दशः अर्थही सोडला नव्हता. आमची खोली थेट माळ्यावर. जिना शिडीइतका उभा, आणि छप्पर इतकं उतरतं की पहाटे उठताना कपाळ तुळईवर आपटायचंच. टेंगूळ चोळत मी भाच्याकडची पुस्तकं चाळू लागलो. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ सालच्या कोशाच्या प्रस्तावनेत कबूलच केलंय, की क्रियापदाला अशी शेपटं लावायची इंग्रजीला फार खोड आणि परक्यांना सगळ्यात जड जातं ते हेच. त्याच्या यादीत 'टेक ऑफ'चा अर्थ चक्क नक्कल करणं, म्हणजे आपण वहीत उतरवून घेतो ते. आता टेक ऑफ करतं ते विमान, आणि ते तर चढतं! या प्रकाराला 'फ्रेझल व्हर्ब' म्हणायची पद्धत पडली ती लोगन पिअरसॉल स्मिथच्या १९२५ सालच्या पुस्तकानंतर. तोवर परके बिचारे बिननावाच्या दुखण्याने आजारी.

आठव्या दिवशी पहाटे पाचच्या माझ्या गुळण्या आटोपल्या. पुढे नाश्त्याच्या वेळी गुडघा धरून जिन्यात थांबलो होतो, तर स्वयंपाकघरातून बाईंचा फोनवरचा आवाज आला, "वेल, वुई आर पुटिंग अप विथ देम." मला भरून आलं. संध्याकाळी भाच्याला म्हटलं, "नुसतं 'पुट अप' नाही रे, आता 'विथ'सुद्धा लावतात. अगदी घरच्यांसारखं!"

भाचा बराच वेळ बुटाची नाडी बांधत बसला. मग म्हणाला, "मामा, पुट अप म्हणजे ठेवून घेणं. पुट अप विथ म्हणजे खपवून घेणं."

आमचं परतीचं तिकीट अजून बारा दिवसांनंतरचं होतं.