विंडोजचे मुंडकार

विंडोजचं लायसन स्वस्तातलं घ्यावं की पूर्ण किमतीचं, हा प्रश्न मुंबई-पुण्यात पैशांचा असेल. गोव्यातल्या पेडण्यात तो पावसाळ्याचा आहे. तो कसा, हे सांगण्याआधी एक गैरसमज मोडायला हवा. ‘विंडोज विकत घेतली’ असं आपण ऐटीत म्हणतो. पण ज्या कराराला सगळे न वाचताच ‘मान्य’ म्हणतात, त्यात स्वच्छ लिहिलेलं असतं, की सॉफ्टवेअर विकलेलं नाही, वापरायला दिलेलं आहे. गोव्याच्या माणसाला हे नातं नवं नाही. कंपनी भाटकार, म्हणजे जमीनमालक; आपण मुंडकार, म्हणजे त्याच्या जमिनीत घर करून राहणारे. अंगण सारवायचं आपण, माड त्यांचे. फरक एवढाच, की खऱ्या मुंडकाराला 1975च्या कायद्याने राहतं घर विकत घ्यायचा हक्क दिला. संगणकाच्या मुंडकारासाठी पर्वरीच्या विधानसभेत अजून कुणी विधेयक मांडलेलं नाही. तेव्हा किंमत मागाहून पाहावी. आपल्याला कोण, कधी उठवू शकतो, ते आधी पाहावं.

स्वस्तातल्या वस्तूतून काहीतरी काढून घेतलेलं असतंच. 2005 मध्ये भारतात हिंदीतून आलेल्या एक्सपी स्टार्टरवर एका वेळी तीनच प्रोग्राम चालत. विंडोज 7 स्टार्टरने ती अट सोडली, पण पडद्यावरचं चित्र बदलायची मुभा काढून घेतली. मुंडकाराने घरात खुशाल राहावं, भिंतीला कालनिर्णय तेवढं टांगू नये, अशातला प्रकार! आजच्या विंडोज 11चं होम अमेरिकेत 139 डॉलरला, तर प्रो 199ला. वरच्या साठ डॉलरांत डिस्कला कुलूप लावणाऱ्या बिटलॉकरची पूर्ण सोय, दुरून आपल्या संगणकात शिरायची वाट आणि कचेरीच्या डोमेनशी जोडायची परवानगी मिळते. काजूबियांचा हिशेब आणि मुलांचे शाळेचे प्रकल्प यांना डोमेनवाचून आजवर काही अडलेलं नाही. तिथे होम घेणाऱ्याला चिक्कू म्हणू नये. तो हिशेबी आहे.

खरा पेच ओईएम, म्हणजे मशीनला बांधलेलं लायसन, आणि रिटेल, म्हणजे सुटं लायसन, यांचा. ओईएम स्वस्त, पण ज्या मशीनवर पहिल्यांदा बसलं तिथेच जन्म काढणार. आणि मशीन म्हणजे व्यवहारात मदरबोर्ड. रिटेल महाग, पण जुन्या मशीनवरून उतरवून नव्यावर चढवता येतं. आता पावसाळ्याकडे वळू. मृग लागला की गडगडाट सुरू होतो. लाइट जाते, येते, आल्यासारखं करून पुन्हा जाते, आणि या लपंडावात मदरबोर्ड आडवा होतो. कुणी म्हणेल, बोर्ड बिघडला म्हणून बदलला तर ओईएम चालू राहतं. बरोबर, नियम तसाच आहे. पण पाच वर्षांपूर्वीचा बोर्ड मिळायचा कुठे? नवा बोर्ड नवा प्रोसेसर मागतो, त्याच्यामागून नवी रॅम येते, आणि शेवटी जुन्यातलं पत्र्याचं खोकं तेवढं उरतं. खोक्याला लायसन लागत नाही. म्हणून सुटे भाग जोडून बांधलेल्या संगणकाला रिटेल बरं. लॅपटॉपचा बोर्ड बदलण्यापेक्षा बहुधा लॅपटॉपच बदलणं परवडतं. त्याला सोबत आलेलं ओईएम पुरे.

राहिली काहीशे रुपयांची लायसनची किल्ली. ‘चालते ना? मग झालं!’ हा तिच्या बाजूचा बिनतोड युक्तिवाद. चालते खरी; पण अशा पुष्कळ किल्ल्या मोठ्या संस्थांना घाऊक दिलेल्या परवान्यांतून फुटलेल्या असतात. भाटकाराला न विचारता राखणदाराने भाड्याने दिलेली खोली ती. भाटकार फिरकेपर्यंतच सुख. ‘कंपनी एवढी श्रीमंत, तिचं काय बिघडतं?’ हा पुढचा युक्तिवाद, आणि तो किल्लीवरून थेट फुकटच्या क्रॅकवर नेतो. कंपनीचं नसेल बिघडत. हरमल-मोरजीच्या गेस्ट हाऊसवाल्याचं बिघडतं. विदेशी पाहुण्याची माहिती त्याला 24 तासांत ऑनलाइन भरावी लागते, म्हणजे पाहुण्यांचे पासपोर्ट ज्या संगणकात, त्याच संगणकात क्रॅकबरोबर आलेला बिनबोलावलेला पाहुणाही. शिवाय कॉपीराइट कायद्याचं कलम 63ब आहेच: जाणूनबुजून चोरीचा प्रोग्राम वापरला तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळू शकतं. धंदेवाल्याला ती सवलत नाही. काहीजण यातलं काहीच न करता कोपऱ्यातल्या ‘ॲक्टिव्हेट करा’ला रोज ‘उद्या’ म्हणतात. पेडण्याच्या पुनवेच्या जत्रेत देऊळ मागणाऱ्या भूतनाथाची ‘बांधू, बांधू’ म्हणून समजूत काढतात, त्यातलाच हा नवस. पण भूतनाथ आपला आहे, म्हणून ऐकून घेतो.

‘मग फुकटचं लिनक्सच का नको?’ हा आक्षेप सगळ्यांत सच्चा. तिथे भाटकारच नाही. ती गावकरीची, म्हणजे गावाच्या सामाईक मालकीची जमीन, आणि जन्माने गावकर असायची अटही नाही. केरळने सरकारी शाळांत ते वर्षानुवर्षं चालवून दाखवलं आहे. पत्रं, हिशेबाचे तक्ते, ब्राउझर एवढ्यावर ज्याचं भागतं त्याने ते बेलाशक घ्यावं. टॅलीवर धंदा चालवणाऱ्याने मात्र विंडोजच्याच भाटात राहावं, पण कागद करून. काहीशे रुपयांची किल्ली कुणीच घेऊ नये. तेवढ्या पैशांत एक बरा स्पाइक गार्ड येतो. मृगाआधी तो आणावा.