सुट्टे मास्तर

आमच्या गावच्या अखंड हरिनाम सप्त्याचा खजिनदार ख्रिस्ती आहे. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो, मग आवाज खाली आणून विचारतो, "गावात दुसरं कुणी नव्हतं का?" होतं की. आधीचे खजिनदार गावातलेच होते, माळकरी होते. त्यातल्या एकाच्या कारकिर्दीत सप्ता झाला आणि त्याच वर्षी त्याच्या घरावरचे पत्रे जाऊन स्लॅब पडला. दोन्ही गोष्टी एका वर्षात घडल्या एवढंच आम्ही म्हणतो, पुढचं पांडुरंगाला माहीत. शेवटी पारावर बैठक बसली आणि ठरलं, की पैसा मोजायचा नाद आहे पण ठेवायचा नाही अशा माणसाच्या हाती वर्गणी द्यायची. गावात असा माणूस एकच, सुट्टे मास्तर.

मास्तर म्हणजे एस.टी.चे कंडक्टर, आता रिटायर. आमच्याकडं कंडक्टरला मास्तरच म्हणतात. 'सुट्टे' हे आडनाव नव्हे, प्रवाशांनी बहाल केलेली पदवी. उभी हयात त्यांनी आष्टी-कडा-नगर रस्त्यावर काढली आणि कुणाचे आठ आणेही ठेवून घेतले नाहीत. सुट्टे नसले तर बाकीचे कंडक्टर तिकिटामागं आकडा खरडून मोकळे होत, आणि उतरायच्या घाईत प्रवासी विसरला की विषय संपे. मास्तर मात्र माणूस उतरून गेला तरी खिडकीतून डोकं काढून ओरडत, "ओ पावणं, तुमचा रुपया!" त्या रुपयापायी गाडी थांबायची, ड्रायव्हर कपाळाला हात लावायचा आणि मागची जीप हॉर्न बडवायची.

मास्तरांचा धर्म नगरकडून आलेला. अमेरिकन मराठी मिशननं १८३१ मध्ये नगरला ठाण मांडलं. तेव्हा नगर इंग्रजांकडं आणि आमचा भाग मोगलाईत, निजामाच्या अंमलाखाली. पण देव जकातनाक्यावर थांबत नाही. मास्तरांच्या आजोबांनी मांगवाड्यात बाप्तिस्मा घेतला, वडील मिशनचं ज्ञानोदय नियतकालिक वाचायचे आणि चिपळ्या घेऊन येशूचं कीर्तन करायचे. यात नवल नाही. नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट एकोणिसाव्या शतकातच पाडली होती. पुढं रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तर आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो असं उघड सांगितलं. म्हणून सप्त्यात टाळ धरायला मास्तरांचा हात अवघडत नाही. ते काकड्याला येतात, ठेका चुकला तर पखवाजवाल्याकडं रागानं बघतात, आणि आरती सुरू झाली की चपला घालून मांडवाबाहेर शांत उभे राहतात. आरती संपली की परत आत. गावाला यात काही वावगं वाटत नाही. वावगं वाटतं ते त्यांच्या हिशोबाचं.

पहिल्याच वर्षी काल्याचं कीर्तन आटोपलं आणि महाराजांना पाकीट द्यायची वेळ झाली. पाकीट हातात पडायच्या आत मास्तरांनी पावतीपुस्तक पुढं केलं. "महाराज, इथं सही करा. तिकिटावरून आडवी येऊ द्या." महाराज दोन तास वैराग्यावर बोलून उठलेले. रेव्हेन्यू तिकीट बघून त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते वैराग्य नव्हतं. पण सही झाली. रात्री मारुतीच्या देवळातल्या लाउडस्पीकरवरून पूर्ण हिशोब वाचला गेला. वर्गणी किती, गहू किती, आचारी किती, आणि 'पाटलांनी जाहीर केलेले पाच हजार अजून यायचेत' हेही. पाटलांनी दुसऱ्या दिवशी सकाळी पैसे आणून टाकले. वरून म्हणाले, "मास्तर, हे येशूनं सांगितलंय का तुमाला?" मास्तर म्हणाले, "न्हाई. हे एस.टी.नं सांगितलंय. येशूनं एवढंच सांगितलं, का होय तर होय म्हणायचं आन् न्हाई तर न्हाई."

सप्त्याच्या पंगतीतल्या बुंदीवरून त्यांच्या चर्चच्या मंडळीत कुजबूज झाली होती. मूर्तीपुढचा नैवेद्य खावा की नाही, हा वाद करिंथच्या मंडळीत पौलाच्या काळापासूनचा आहे. पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा मास्तर म्हणाले, "साहेब, नैवेद्याचं ताट निराळं असतं. मी कढईतली खाल्ली. कढईतल्या बुंदीचा हिशोब माझ्याकडंच आहे." पाळकसाहेबांनी पौलाला तिथंच सोडून दिलं.

मास्तरांचा आवडता माणूस जक्कय. यरीहोचा जकातदार, बुटका, येशूला बघायला उंबरावर चढला आणि उतरल्यावर म्हणाला, लुबाडलेलं चौपट परत करीन. मास्तरांच्या मते हा पवित्र शास्त्रातला पहिला कंडक्टर. पैसे घेणारा, गर्दीतला आणि कुणाला न आवडणारा. पण या जक्कयानं एकदा त्यांना अडचणीत आणलं. एका शेळ्यांच्या व्यापाऱ्याचे दोन रुपये राहिले होते. एस.टी.चा कायदा असा, की कंडक्टरच्या पिशवीत पैसे कमी भरले तर गुन्हा आणि जादा भरले तरी गुन्हा. मास्तरांनी जादाचे दोन रुपये डेपोत भरले आणि व्यापाऱ्याचे दोन खिशातून बाजूला काढले. म्हणजे सचोटीचं तिकीट त्यांनी डबल फाडलं. सहा महिन्यांनी तो आठवडी बाजारात सापडला. व्यापारी वस्ताद. म्हणाला, "मास्तर, तुमीच गाडीत सांगत व्हता ना, चौपट द्यायचं? काढा आठ रुपये."

दुसरा कुणी हसून दोन रुपये हातावर ठेवून गेला असता. मास्तर शेळ्यांच्या मधोमध उभे राहून विचारात पडले. मग म्हणाले, "चौपट लुबाडणाऱ्याला. मी लुबाडलं न्हाई, राहून गेलं. लेवीयात लिव्हलंय, मुद्दल द्यायचं आन् वर पाचवा हिस्सा." दोन रुपयांचा पाचवा हिस्सा चाळीस पैसे. चाळीस पैसे आणायचे कुठून? कुणीतरी सुचवलं, चॉकलेट द्या. सुट्ट्यांच्या बदल्यात चॉकलेट हे ज्या माणसानं जन्मभर पाप मानलं त्याला! शेवटी त्यांनी तीन रुपये दिले आणि वहीत लिहिलं, 'व्यापाऱ्याकडून येणे ६० पैसे'. तो व्यापारी पुढं कित्येक वर्षं मास्तरांची गाडी दिसली की दुसऱ्या गाडीनं जायचा.

घरात या माणसाचा जाच किती असेल, हे मास्तरांच्या बायकोला, म्हणजे मावशीला विचारावं. राज्य सरकारनं ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी. फुकट केली, आणि मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट. मावशीच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जून. आपल्याकडं निम्म्या महाराष्ट्राचा जन्म १ जूनचा, शाळेच्या गुरुजींच्या कृपेनं. साल तर गुरुजींनी अंदाजानं तीन वर्षं मागं ढकललेलं. त्या हिशोबानं मावशी पंचाहत्तरीच्या झाल्या. नगरला डोळे दाखवायला निघाल्या, मी मागच्याच सीटवर. तरुण कंडक्टरनं आधार बघितलं आणि शून्याचं तिकीट काढायला लागला.

"थांब रे बाळा," मास्तर म्हणाले. "अर्धं काढ."

"आजोबा, आजींना फुकटंय."

"कार्डावर हाय. बाप्तिस्म्याच्या वहीत बहात्तर हाय."

मावशींनी पदर सावरला. "आवो, सरकार फुकट न्यायलंय तर तुमाला कामून दुखतंय?"

"तीस वरीस मी बायांना लेकराचं वय इचारलं. दुसरीतल्या पोराला पाचाच्या आत दाखवत्यात म्हणून अर्ध्या तिकिटापायी भांडलो. आता माझ्याच बायकूचं वय खोटं सांगू?"

बायकोचं वय भर गाडीत कमी करून सांगणारा नवरा मी तरी पहिल्यांदाच बघितला. मावशींना तेही आवडलं नाही. त्या नगर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होत्या. कंडक्टरनं मात्र अर्धं तिकीट काढलं आणि सुट्टे पैसे मोजून दिले.

इथवर हसून झालं. पण एक हिशोब मास्तरांना महाग पडला, त्यावर गाव हसत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीची सवलत फक्त हिंदूंना होती. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना ती मिळाली. ख्रिस्ती झालेल्याला नाही. आपल्या राज्यात त्याला ओबीसीत धरतात, पण मांगवाड्यातून तो एका प्रार्थनेनं बाहेर पडला असं काही गाव मानत नाही. म्हणून मराठवाड्यात कित्येक घरांत दोन नावं असतात, चर्चमधलं एक आणि दाखल्यावरचं एक. रविवारी शमुवेल, सोमवारी शामराव. मी त्यांना दोष देणार नाही. ज्यानं पाणवठा बघितला नाही त्यानं दाखल्यावर बोलू नये. पण मास्तरांच्या मुलाच्या कॉलेजच्या फॉर्मवर धर्माचा रकाना आला, क्लार्कनं डोळा मारून 'हिंदू-मांग लिहू का' विचारलं, आणि मास्तरांनी पेन हिसकावून 'ख्रिस्ती' लिहिलं. शिष्यवृत्ती गेली. फी भरायला दीड एकर गेलं. मुलगा आज पुण्यात बऱ्या नोकरीवर आहे, बापाला पैसे पाठवतो, पण त्या दीड एकराचा विषय निघाला की ताटावरून उठतो. मास्तरांचं बरोबर होतं की चूक, हे मला ठरवता आलेलं नाही. मुलाला मात्र कुणी विचारलं नव्हतं, एवढं मला कळतं.

पीकविम्याचं सांगायलाच हवं असं नाही. एक रुपयात विमा होता तेव्हा आमच्या जिल्ह्यात नसलेल्या बागाही कागदावर बहरल्या. मास्तरांनी उरलेल्या जमिनीत कापूस होता तेवढाच भरला, आणि तो वाळला तेव्हा मिळालेल्या रकमेची पावती मागितली.

गंमत म्हणजे त्यांच्या स्वतःच्या मंडळीनं त्यांना खजिनदारकीवरून काढलं. नाताळच्या उपासनेला, करंज्या आणि शंकरपाळ्यांचे डबे बाहेर वाट बघत असताना, त्यांनी वर्षाचा हिशोब वाचला. त्यात पाळकसाहेबांच्या मोटरसायकलचं पेट्रोल लिटरसकट आलं आणि जाहीर करून न दिलेले दशांश नावासकट. पुढच्या निवडणुकीत त्यांना दोनच मतं पडली, एक त्यांचं आणि एक मावशींचं. मावशी म्हणतात, आपलं मत दुसऱ्यालाच होतं. मग ते दुसरं कुणाचं, याचा मास्तर अजून शोध घेतायत.

या सगळ्यात त्यांची जुनी वही अजून बंद झालेली नाही. नोकरीत ज्यांचे पैसे द्यायचे राहिले त्यांची यादी तिच्यात आहे. नावं माहीत नसल्यानं खुणा लिहिल्यात: 'पांढरं धोतर, पिशवीत कोंबडी, चिचोंडी पाटील, ३ रु.', 'नवी नवरी, रडत होती, कडा, ५ रु.', 'कानात भिकबाळी, सारखा खोकत होता, दीड रु.'. तेव्हा आष्टी-नगर गाडीनं आपण किंवा आपले वडील कधी गेले असाल आणि सुट्टे घ्यायचे राहिले असतील, तर आमच्या गावी यावं. तिकीट नसलं तरी चालेल, खूण पटली पाहिजे. पाचवा हिस्सा वर मिळेल, चौपट मागू नये. आणि रविवारी येऊ नका, रविवारी मास्तर पैशांना हात लावत नाहीत.